सिलिकॉनपासून सोडियमपर्यंत: कॉम्प्युटेशनल मटेरियल्समधल्या पीएचडीची माझी वाट

कॉम्प्युटेशनल मटेरियल्स सायन्समध्ये, म्हणजे पदार्थांचे गुणधर्म संगणकावर हिशेब करून काढण्याच्या शास्त्रात, पीएचडी करायची असेल तर मुंबईत सुरुवात कुठून करायची, असं माझ्या विद्यापीठातले ज्युनियर्स अधूनमधून फोन करून विचारतात. प्रत्येकाला घाईघाईत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं जातं आणि महत्त्वाचं काहीतरी राहून जातं. म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढते आहे. मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधून फिजिक्समध्ये एमएस्सी केली. घर डोंबिवलीला. सध्या पवईला आयआयटी मुंबईत सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर (धन टोकाच्या पदार्थावर) काम करते. माझ्या कामात भट्टी नाही, ग्लव्हबॉक्स नाही, सगळं क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, चालतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. नेट, गेट या परीक्षांचे मार्क तुम्हाला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेतात. त्या खोलीत निभाव लागतो तो तुम्ही स्वतः केलेल्या आणि मुळापासून समजून घेतलेल्या एखाद्या छोट्या कॅल्क्युलेशनवर. ते करायला कुठल्या मोठ्या संस्थेचा शिक्का लागत नाही, जुना लॅपटॉप पुरतो. या क्षेत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

विषयाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. पदार्थ ठिसूळ असेल की लवचीक, वीज वाहून नेईल की अडवील, हे त्यातल्या इलेक्ट्रॉन्सच्या वागण्यावर ठरतं. ते वागणं सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण 1926 पासून आपल्याकडे आहे, पण कण वाढत गेले की ते सोडवणं झपाट्यानं आवाक्याबाहेर जातं. 1964 मध्ये पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोह्न यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब ठेवायची गरज नाही. कुठे किती घनता आहे एवढं कळलं तरी पदार्थाची किमान ऊर्जा ठरते. पुढच्याच वर्षी कोह्न आणि लू शॅम यांनी ती प्रत्यक्ष काढायची रीत दिली. हीच डीएफटी, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी. कोह्न यांना 1998 चं नोबेल मिळालं, आणि ते रसायनशास्त्राचं होतं. आमच्या क्षेत्रात फिजिक्स, केमिस्ट्री, मेटलर्जी, केमिकल इंजिनियरिंग अशा चारही बाजूंनी मुलं येतात, त्याचं कारण यात दिसतं. पीएचडीच्या जागा शोधताना याचा थेट उपयोग होतो, तो पुढे सांगते.

एमएस्सीला मला सॉलिड स्टेटचा तास सगळ्यात जास्त आवडायचा. त्यामुळे प्रोजेक्टसाठी मॅडमनी डीएफटी सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सॉफ्टवेअर होतं क्वांटम एस्प्रेसो. ते विकत घ्यावं लागत नाही, उतरवून घ्यायचं आणि लिनक्सवर कंपाइल करायचं. क्रिस्टल स्ट्रक्चर्सही फुकट मिळतात. बर्कलीच्या मंडळींनी 2011 मध्ये सुरू केलेल्या मटेरियल्स प्रोजेक्टवर नोंदणी केली की लाखाच्या वर पदार्थांची माहिती समोर उघडते. मॅडमनी मात्र त्या लाखांकडे बघू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी सिलिकॉन कर. एकच पदार्थ, पण त्याच्याबद्दल मी काहीही विचारलं तरी सांगता आलं पाहिजे."

सिलिकॉनच्या प्रिमिटिव्ह सेलमध्ये, म्हणजे क्रिस्टलच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्यात, फक्त दोन अणू असतात. लॅपटॉपवर एक रन मिनिटाच्या आत संपतो. पण तो रन करण्याआधी दोन गोष्टी तुम्हाला ठरवाव्या लागतात: वेव्हफंक्शनसाठी (इलेक्ट्रॉनचं गणिती वर्णन) प्लेन वेव्हज किती ऊर्जेपर्यंत घ्यायच्या, म्हणजे कटऑफ, आणि ब्रिलुआँ झोनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या लहरींच्या गणिती अवकाशात, के-पॉइंट्सची (नमुन्याच्या बिंदूंची) जाळी किती दाट ठेवायची. मॅन्युअलमधल्या उदाहरणात जे आकडे असतात ते तसेच उचलले तरी उत्तर येतंच. ते बरोबर आहे का, एवढंच कळत नाही. मॅडमनी मला कटऑफ 20 रिडबर्गपासून (हे ऊर्जेचं एकक) दहा-दहानं वाढवत न्यायला लावला आणि प्रत्येक वेळची एकूण ऊर्जा वहीत हातानं लिहायला लावली. ऊर्जा दर वेळी थोडी खाली उतरते, उतरण्याचा टप्पा लहान होत जातो, आणि एका ठिकाणी दशांशाच्या चौथ्या घरातच काय तो फरक उरतो. मग जाळी: चार बाय चार बाय चार, सहा, आठ. पुन्हा तोच खेळ. शेवटी लॅटिस कॉन्स्टंट (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाच्या बाजूची लांबी) थोडा थोडा बदलत ऊर्जेचा वक्र काढला, त्याचा तळ 5.47 अँगस्ट्रॉमला आला. प्रयोगातून मिळणारा आकडा 5.43.

मी खूश होऊन वही घेऊन गेले. एक टक्क्याहूनही कमी फरक! मॅडमनी वही शांतपणे पाहिली आणि विचारलं, "जास्तच का आला? कमी का नाही आला?" मी वापरलेलं फंक्शनल (घनतेवरून ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र) पीबीई, 1996 मधलं, आणि ते बाँड थोडे सैल दाखवतं ही त्याची ठाऊक असलेली खोड आहे, हे मला त्यानंतर वाचून कळलं. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं होऊन वीज वाहायला लागणारी किमान ऊर्जा, तर याहून बोलका: प्रयोगात खोलीच्या तापमानाला 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट, माझ्याकडे 0.6 च्या आसपास. हा फरक कटऑफ कितीही वाढवला तरी भरून निघत नाही, कारण तो गणिताच्या अपुरेपणाचा नसून सिद्धांतात केलेल्या अंदाजाचा आहे. कुठली चूक संगणकाला जास्त वेळ दिल्यावर जाते आणि कुठली जात नाही, हे दोन अणूंच्या त्या सिलिकॉननं मला शिकवलं. माझ्या मते डीएफटी शिकणं म्हणजे मुख्यतः हा फरक ओळखायला शिकणं. इटलीत त्रिएस्तेच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या केंद्राच्या कार्यशाळांची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स आणि आपल्या एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्सेस यांचा तेव्हा फार आधार झाला. दोन्ही घरबसल्या बघता येतात.

आता परीक्षा. यावर माहिती भरपूर मिळते, म्हणून लवकर उरकते. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या फिजिकल सायन्सेसच्या पेपरला तीन तास आणि 200 मार्क असतात. केमिस्ट्रीवाल्यांना केमिकल सायन्सेसचा पेपर. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि नंतर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून 42,000 रुपये. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे आहेत. राहण्याची सोय संस्थेची नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. 2024 पासून नेटच्या निकालात जेआरएफच्या खालोखाल आणखी दोन गट आले, त्यातला शेवटचा फक्त पीएचडी प्रवेशापुरता. त्यामुळे जेआरएफ हुकली तरी तो निकाल वर्षभर विद्यापीठांच्या प्रवेशासाठी कामी येतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मेटलर्जी असे वेगवेगळे पेपर आहेत. जेस्ट ही तिसरी परीक्षा, अणुऊर्जा विभागाच्या आणि इतर काही मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी. जेआरएफचा सगळ्यात मोठा फायदा पैशांपेक्षाही वेगळा आहे: तुमची फेलोशिप तुमच्या नावानं येते, त्यामुळे गाइडला प्रोजेक्टच्या पैशांतून तुमची सोय करावी लागत नाही आणि विषय निवडताना तुम्हालाही थोडं मोकळं बोलता येतं.

मुंबईत या विषयाच्या जागा किती विखुरलेल्या आहेत हे अर्ज भरायला बसल्यावर कळतं. या क्षेत्रात चारही बाजूंनी मुलं येतात असं मगाशी म्हटलं, ते इथे लागू पडतं. जाहिरातीत "कॉम्प्युटेशनल मटेरियल्स" हे शब्द शोधत बसलात तर निम्म्याहून जास्त जागा नजरेतून सुटतील. आयआयटी मुंबईत हे काम मेटलर्जी आणि मटेरियल्स सायन्सच्या विभागात आहे, तसंच फिजिक्समध्ये, केमिस्ट्रीत, केमिकल इंजिनियरिंगमध्येही आहे. प्रत्येक विभागाची पात्रता निराळी, मुलाखत निराळी. त्याच कॅम्पसवर 2008 मध्ये सुरू झालेली आयआयटीबी-मोनाश रिसर्च अकॅडमी आहे. तिथे प्रोजेक्ट आधी जाहीर होतात, प्रत्येकाला एक गाइड पवईचा आणि एक ऑस्ट्रेलियाचा, काही काळ मेलबर्नला राहायचं आणि पदवी दोन्ही संस्थांची मिळून. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कंडेन्स्ड मॅटर आणि मटेरियल्स सायन्सचा विभाग आहे. ट्रॉम्ब्याला बीएआरसीमध्ये (भाभा अणुसंशोधन केंद्र) अणुइंधन, मिश्रधातू, किरणोत्सर्गानं धातूत होणारे दोष अशा प्रश्नांवर सिम्युलेशनचं काम चालतं, आणि पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि कलिन्याचं आमचं विद्यापीठ आहेच. गाडीनं तीन-चार तासांवर पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्यापुढे बंगळुरूला आयआयएससी आणि जेएनसीएएसआर या विज्ञान संस्था.

टीआयएफआरची लेखी परीक्षा मी दिली होती, त्या यादीत माझं नाव आलं नाही. ती परीक्षा थिअरीचा पाया फार खोलवर तपासते. पुढे कुठेही गेलात तरी त्या तयारीचा उपयोग होतो, म्हणून ती द्यावीच असं मी सांगते.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो प्राध्यापकांना मेल लिहिण्यात. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर रिसर्च" या वाक्यानं सुरू होणारे मेल त्यांच्याकडे रोज येतात. मी आधी ज्यांना लिहायचं त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचायचे. सगळं समजायचं नाही, पण पद्धतीचा भाग समजून घ्यायचा: कुठलं फंक्शनल, किती अणूंचा सेल, हबर्ड यू (काही धातूंच्या इलेक्ट्रॉन्ससाठी करायची दुरुस्ती) घेतला असेल तर किती आणि का. मग मेलमध्ये चार ओळी त्या पेपरमधल्या एका नेमक्या शंकेवर, चार ओळी माझ्या सिलिकॉनवर, सोबत माझ्या प्रोजेक्टची दोन पानं आणि कन्व्हर्जन्सचे, म्हणजे आकडा कुठे स्थिरावला ते दाखवणारे, आलेख. एवढंच. बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. काहींकडे त्या वर्षी जागाच नसते. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करायला हरकत नाही, त्यानंतर सोडून द्यावं.

पवईच्या एका सरांचं उत्तर एका ओळीचं होतं: सिलिकॉनला 40 रिडबर्ग कटऑफ का घेतला, 30 का नाही? मी वहीतला तक्ता टाइप करून पाठवला आणि लिहिलं, की 30 ला एकूण ऊर्जा अजून सरकत होती, पण लॅटिस कॉन्स्टंट मात्र 30 लाच स्थिरावला होता. म्हणजे फक्त लॅटिस कॉन्स्टंट हवा असेल तर 30 पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी सरांनी लॅब बघायला बोलावलं.

कांजूरमार्गला उतरून रिक्षानं मेन गेट गाठलं. सरांशी बोलणं झालं, पण माझ्या मनात जास्त राहिलं ते नंतर कँटीनमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांशी झालेलं बोलणं. कुठेही पीएचडी घेण्याआधी गाइडच्या गैरहजेरीत त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटाच. मी जाताना प्रश्न लिहून नेले होते. क्लस्टर लॅबचा आहे की संस्थेचा? जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेलं कॅल्क्युलेशन, रांगेत किती वेळ थांबतो? व्हास्प या डीएफटीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे का (ते विकत घ्यावं लागतं, आणि ग्रुपच्या नावावर असतं)? आधीच्या मुलांना किती वर्षं लागली? पहिला पेपर कधी झाला? घरून निघताना बाबांनी एक प्रश्न जोडून दिला होता, "स्टायपेंड वेळेवर येतो का, ते विचार." तो त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा, आणि खरंच महत्त्वाचा आहे. माझ्या एका मैत्रिणीची फेलोशिप, संस्थेचं नाव घेत नाही, कित्येक महिने अडकली होती. दरम्यान खोलीचं भाडं तिनं शिकवण्या घेऊन भागवलं. अशी वेळ कुणावरही येऊ नये. देशात या मुद्द्यावर संशोधक विद्यार्थी वारंवार आवाज उठवत आले आहेत आणि ते अगदी रास्त आहे.

क्लस्टरचा प्रश्न लोक विचारत नाहीत, म्हणून त्यावर थोडं जास्त. आमच्यासाठी संगणकाचा वेळ हेच कच्चं सामान. डीएफटीमध्ये अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट होतं, त्यामुळे शंभर-दोनशे अणूंच्या पलीकडे खर्च अंगावर येतो. सी-डॅकनं 1991 मध्ये पुण्यात परम 8000 हा सुपरकम्प्युटर उभा केला, तेव्हापासून आपल्याकडे हे सामर्थ्य हळूहळू वाढत आलं. 2015 च्या नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशनमधून बऱ्याच संस्थांत परम मालिकेतल्या नव्या यंत्रणा आल्या. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म त्यांतलाच. तरी ज्या संस्थेत तुम्ही जाणार तिथे प्रत्यक्ष तुमच्या वाट्याला किती कोअर-तास येतील, ते तिथल्या विद्यार्थ्यालाच ठाऊक असतं.

विभागात आधी लेखी चाचणी झाली, मग मुलाखत. सुरुवातीचे प्रश्न अपेक्षित होते: ब्लॉखचा सिद्धांत, स्यूडोपोटेन्शियल कशासाठी, एफसीसीचा ब्रिलुआँ झोन फळ्यावर काढ. तो काढल्यावर विचारलं, तुझ्या बँड स्ट्रक्चरमध्ये कंडक्शन बँडचा तळ कुठे? गॅमापासून एक्सकडे (त्या झोनमधले दोन ठरलेले बिंदू) जाताना, साधारण 85 टक्के अंतरावर. बरोबर. फेज डायग्रामवर (पदार्थाची कुठली अवस्था, म्हणजे फेज, कधी टिकते त्याचा आलेख) एक प्रश्न आला, फिजिक्सवाल्यांनी त्याची तयारी करून जावी. मग एका मॅडमनी विचारलं, "300 केल्व्हिनला केटी किती?" केटी म्हणजे त्या तापमानाच्या उष्णतेच्या ऊर्जेचं माप, साधारण 25 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. "आणि तुझी ऊर्जा कितीपर्यंत कन्व्हर्ज केली होतीस?" मी म्हटलं, सेलमागे 1 मिलिरिडबर्ग. "म्हणजे अणूमागे?" 1 रिडबर्ग म्हणजे 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, सेलमध्ये दोन अणू, म्हणजे अणूमागे साधारण 7 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. "मग दोन फेजेसच्या ऊर्जेत फरकच 5 चा असेल तर तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का?"

मी फळ्याकडे बघत थोडा वेळ घेतला. मग सांगितलं, की एकूण ऊर्जा तेवढी स्थिर नसली तरी दोन्ही फेजेस एकाच कटऑफनं आणि सारख्या दाट जाळीनं केल्या तर दोघींतली चूक जवळपास सारखीच असते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. म्हणून कन्व्हर्जन्स फरकाचा तपासायचा, एकूण ऊर्जेचा नाही. पण धातू आणि ऑक्साइड अशी तुलना असेल तर ही सवलत धरून चालता येणार नाही. यावर बराच वेळ चर्चा झाली, दोन प्राध्यापक आपापसांतही बोलले, आणि मुलाखत तिथेच संपली. कलिन्याच्या वहीतल्या त्या तक्त्याशिवाय मला यातलं काहीही सुचलं नसतं.

त्याच सुमारास जर्मनीतल्या एका ग्रुपबरोबर ऑनलाइन मुलाखतही झाली होती. तिकडचं तंत्र वेगळं. पीएचडी ही नोकरी असते, ठरलेल्या प्रोजेक्टसाठी जागा निघते, टीव्ही-एल ई13 या वेतनश्रेणीत पूर्ण किंवा अर्ध्या-पाऊण वेळेचा करार होतो. अर्ज थेट त्या प्रोजेक्टला करायचा, राष्ट्रीय परीक्षा नाही, पण आधीच्या कामावर बारकाईनं बोलावं लागतं. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्समध्येही अशाच जागा निघतात. तिथे एक अट लक्षात ठेवावी, गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त त्या यजमान देशात राहिलेलं चालत नाही. भारतातून पहिल्यांदाच जाणाऱ्याला ही अट अडचणीची नाही. मला ती जागा मिळण्याची शक्यता होती. पण तो प्रोजेक्ट कोडमधल्या अल्गोरिदमवर होता, आणि पवईला ज्या कॅथोडचं कॅल्क्युलेशन करायचं तोच कॅथोड त्याच इमारतीत कोणीतरी भट्टीतून काढून सेलमध्ये भरणार होतं. माझा आकडा खरा की खोटा हे थोड्याच दिवसांत कळेल, या विचारानं मी पवई निवडली. कोडच्या आतल्या गणिताची ओढ असणाऱ्यानं कदाचित नेमका उलटा निर्णय घ्यावा.

पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पुन्हा शिकले आणि या वेळी ते खरंच लागलं. संध्याकाळी टीएचं (शिकवण्यात मदतनिसाचं) काम. रात्री जेवण झालं की जॉब सबमिट करायचे, कारण रात्री रांग थोडी हलते. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी फोनवरून लॉगिन करून बघायचं, संपला की मध्येच बंद पडला.

सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा आहे, त्रिज्या 1.02 अँगस्ट्रॉम विरुद्ध 0.76. त्यामुळे थरांच्या ऑक्साइडमधून तो ये-जा करतो तेव्हा थर एकमेकांवरून सरकतात आणि रचनाच बदलते. सोडियम मिठात आहे, समुद्रात आहे, लिथियमसारखा मोजक्या देशांच्या हातात नाही; म्हणून हा प्रश्न सोडवणं मोलाचं. मी आयन एका जागेवरून शेजारच्या जागेवर उडी मारताना मध्ये किती उंच चढ लागतो ते काढते. त्या चढात 60 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडला, तर खोलीच्या तापमानाला उडीचा वेग दहापट बदलतो. मँगनीज असलेल्या ऑक्साइडमध्ये हबर्ड यू थोडा इकडेतिकडे केला तरी तेवढा फरक सहज पडू शकतो. म्हणून दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये सर अजूनही तेच विचारतात, जे कलिन्याला मॅडम विचारायच्या: हा आकडा किती खरा?

मशीन लर्निंगबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. नोव्हेंबर 2023 मध्ये गूगल डीपमाइंडनं 22 लाख नव्या क्रिस्टल स्ट्रक्चर्सचा अंदाज जाहीर केला, त्यातल्या 3 लाख 80 हजार स्थिर असतील असं म्हटलं. त्यातल्या किती खरोखर नव्या आणि उपयोगाच्या, यावर पुढे रसायनशास्त्रज्ञांनी उघड प्रश्न उभे केले. माझं म्हणणं असं, की मशीन-लर्निंग पोटेन्शियल्स (अणूंच्या रचनेवरून ऊर्जा झटपट सांगणारी मॉडेल्स) शिकायलाच हवीत. जिथे डीएफटी दोनशे अणूंवर दमते तिथे ती हजारो अणू बऱ्याच वेळापर्यंत चालवतात, आणि आमच्या लॅबमध्येही ती रोजच्या वापरात आली आहेत. पण ती शिकतात डीएफटीच्याच आकड्यांवरून. खाली कन्व्हर्जन्स कच्चा असेल तर तो कच्चेपणा मॉडेलमध्ये जसाच्या तसा उतरतो, आणि मग तो शोधणं फार अवघड जातं. पायथन आधी शिका, मग सिलिकॉन करा, मग मॉडेलकडे वळा.

घरून अजूनही विचारतात, पुढे काय. पोस्टडॉक हा नेहमीचा रस्ता आहे, पण एकच नाही. पोलाद, बॅटरी, औषधं, सेमीकंडक्टर या उद्योगांच्या संशोधन विभागांत सिम्युलेशन येणारी माणसं लागतात. टाटा स्टीलचं संशोधन केंद्र जमशेदपूरला आहे, पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मटेरियल्सच्या मॉडेलिंगवर काम झालं आहे. आमच्या लॅबमधून बाहेर पडलेल्यांपैकी काही परदेशी आहेत, काही बंगळुरूला कंपन्यांत, एक जण आता स्वतः शिकवतो. पवईची वर्षातली मुख्य प्रवेशाची जाहिरात वसंतात निघते, जानेवारीच्या सत्रासाठीची पावसाळा संपता संपता. यंदा अर्ज करणाऱ्यांनी जाहिरातीची वाट बघत न बसता ज्यांच्याकडे काम करायचं त्यांचे पेपर आत्ताच वाचायला घ्यावेत, आणि मेलमध्ये मला काही विचारायचं असेल तर सोबत स्वतःचा कन्व्हर्जन्सचा आलेख जोडावा. मग मला नेमकं काहीतरी सांगता येईल.